नेदरलँड्सहून जर्मनीला जाताना: कोणता कागद, कुठून आणि कोणत्या क्रमाने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आइंडहोवनमध्ये साडेचार वर्षं केनिसमिग्रांट, म्हणजे उच्चकुशल स्थलांतरित, परवान्यावर काम, आता म्युनिकच्या कंपनीची ऑफर, बरोबर पत्नी आणि आइंडहोवनमध्येच जन्मलेली चार वर्षांची मुलगी. दिवाळीत पुण्याला जाणार आहात, तेव्हा कोणकोणते कागद अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लावलेला सरकारी शिक्का) करून आणू, आणि डच कार्ड हातात असताना सरळ गाडीत सामान भरून निघता येईल का?

दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न सुटला नाही तर पुण्याची फेरी फुकट जाईल. अशा स्थलांतरात कागद नसल्यामुळे काम अडतं असं फार कमी वेळा होतं. ते अडतं कागदांचा क्रम चुकल्यामुळे. डच नगरपालिकेतून, म्हणजे खेमेंटेतून, नाव आधी काढून टाकलं आणि व्हिसा नंतर मागितला, किंवा जर्मनीत घर घेतलं पण घरमालक नोंदणीचा कागद द्यायला तयार नाही, अशा गाठी सोडवताना महिने जातात. म्हणून क्रमानेच सांगतो.

सुरुवात खिशातल्या कार्डापासून करा. त्याच्या दोन्ही बाजू नीट वाचा. ‘आर्बाइड आल्स केनिसमिग्रांट’ असा शेरा असेल तर तो नेदरलँड्सचा राष्ट्रीय परवाना आहे. त्यावर शेंगेन देशांत १८० दिवसांतले ९० दिवस फिरता येतं, पण जर्मनीत राहता किंवा नोकरी करता येत नाही. तुमच्या वर्णनावरून तुमचं कार्ड हेच दिसतंय. म्हणजे नेदरलँड्समध्ये असतानाच जर्मन वकिलातीकडून राष्ट्रीय व्हिसा, ज्याला ‘डी’ व्हिसा म्हणतात, तो घ्यावा लागेल. सामान भरून सरळ निघणं तुमच्यासाठी नाही.

कार्डावर ‘युरोपेसे ब्लाउवे कार्ट’, म्हणजे युरोपीय ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा निवास परवाना), असं असेल तर गोष्ट वेगळी. पहिल्या देशात ब्लू कार्डावर १२ महिने झाले असतील, तर जर्मनीत व्हिसाशिवाय जाऊन पोचल्यापासून महिन्याभरात तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज करता येतो. डच घरात तुमच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबालाही हीच वाट मोकळी आहे. पगार मात्र जर्मनीच्या ब्लू कार्ड मर्यादेत बसायला हवा. तिसरा प्रकार ‘लांगडुरिख इंखेझेतेने’, म्हणजे दीर्घकालीन रहिवासी कार्ड. ते पाच वर्षांनंतर आणि डच भाषा-समाज परीक्षेनंतर मिळतं. तुमची साडेचार वर्षं झाली आहेत. परीक्षा दिलेली असेल आणि म्युनिकची कंपनी रुजू व्हायची तारीख सहा-आठ महिने पुढे ढकलायला तयार असेल, तर हे कार्ड घेऊनच निघणं मी सुचवेन. ते हातात असलं की पुढच्या देशात व्हिसाची गरज उरत नाही, तीन महिन्यांच्या आत तिथे अर्ज केला की पुरतं. कंपनी थांबणार नसेल, तर हा विचार सोडून व्हिसाच्या तयारीला लागा.

पुढचं सगळं व्हिसाची वाट धरून लिहितो.

जर्मन वकिलात तुमचा अर्ज घेते तो तुम्ही नेदरलँड्सचे रहिवासी आहात म्हणून. त्यामुळे व्हिसा पासपोर्टवर लागेपर्यंत खेमेंटेतली नोंद आणि डच परवाना दोन्ही जिवंत राहिले पाहिजेत. नोकरीचा राजीनामाही त्याच हिशेबाने द्या. केनिसमिग्रांट परवाना नोकरीला बांधलेला असतो, आणि नोकरी संपली की नवी शोधायला फक्त तीन महिन्यांची मुदत मिळते. व्हिसाला तितका वेळ लागणारच नाही, या भरवशावर राहू नका.

व्हिसाच्या फायलीतले दोन कागद तुमच्या हातात नसतात, म्हणून ते आधी मागवा. एक म्हणजे नोकरीबद्दलचं निवेदन. हा जर्मन सरकारचा ठरावीक फॉर्म असतो आणि तो कंपनीने भरून सही करून द्यायचा असतो. नोकरीचा करार वेगळा. फक्त करार जोडला तर फाइल परत येते. या फॉर्ममधला पगार, कामाचे तास आणि पदनाम करारातल्याशी अक्षरशः जुळले पाहिजेत. करारात मूळ पगार आणि फॉर्ममध्ये बोनस धरून पगार, असं झालं की विचारणा येते. हा व्हिसा जर्मन ब्लू कार्डासाठी मागायचा आहे. २०२५ साली त्यासाठी वार्षिक पगाराची सर्वसाधारण मर्यादा ४८,३०० युरो होती, आणि टंचाईच्या व्यवसायांसाठी व नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी ४३,७५९.८० युरो. हे आकडे दर जानेवारीत बदलतात, म्हणून ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीचे बघा. कमी मर्यादेत बसत असाल तर जर्मन रोजगार संस्थेची संमतीही लागते, म्हणजे वेळ वाढतो.

दुसरा कागद पदवीच्या मान्यतेचा. ‘आनाबिन’ नावाचं जर्मन संकेतस्थळ आहे. त्यात तुमच्या विद्यापीठापुढे ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त, आणि तुमच्या पदवीपुढे समकक्षतेचा शेरा, अशा दोन्ही नोंदी सापडल्या तर त्या पानांची छपाई पुरते. इथे आपली मंडळी हमखास अडखळतात, कारण ती कॉलेजचं नाव शोधतात. आपल्याकडे पदवी विद्यापीठ देतं, म्हणून शोधायचं ते विद्यापीठ. शिवाय २०१४ पूर्वीच्या पदवीवर ‘पुणे विद्यापीठ’ असतं आणि आताचं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. औरंगाबादच्या जुन्या पदव्यांवर नुसतं मराठवाडा विद्यापीठ दिसतं, कारण नामविस्तार १९९४ चा. दोन्ही नावांनी शोधा आणि ज्या पानावर जुन्या-नव्या नावाचा संबंध दिसतो ते पान जोडा. पदवी सापडलीच नाही तर जर्मनीच्या परदेशी शिक्षण केंद्राकडून तुलनापत्र मागवावं लागतं. त्याचं शुल्क २०० युरोच्या थोडं वर आहे आणि वेळही लागतो, म्हणून आनाबिन आजच उघडून बघा, ऑफरवर सही करण्याआधी.

विम्याचा कागद लहान, पण सगळ्यात जास्त विचारणा त्यावरून होते. जर्मन आरोग्य विमा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतो. तुम्ही महिन्याच्या २० तारखेला पोचलात आणि नोकरी पुढच्या १ तारखेला असेल, तर मधल्या दहा दिवसांचा प्रवासी विमा तिघांच्या नावाने दाखवावा लागतो.

राष्ट्रीय व्हिसाचं शुल्क मोठ्यांना ७५ युरो, १८ वर्षांखालच्यांना त्याच्या निम्मं. घाई असेल तर कंपनी जर्मनीतच परदेशी नागरिक कार्यालयात जलद प्रक्रियेचा अर्ज करू शकते. त्याचं शुल्क ४११ युरो, आणि त्यासाठी तुम्ही कंपनीला मुखत्यारपत्र द्यावं लागतं. मोठ्या कंपन्यांना हे माहीत असतं. लहान कंपनी असेल तर तुम्हीच सुचवा. ब्लू कार्ड घेणाऱ्याच्या पत्नीला जर्मन भाषेची परीक्षा लागत नाही आणि तिला लगेच काम करता येतं, तेव्हा तिचा आणि मुलीचा अर्ज तुमच्याबरोबरच करा. मागाहून करण्यात काहीच फायदा नाही.

आता पुणे आणि अपोस्टिल. भारत २००५ मध्ये अपोस्टिल करारात सामील झाला, पण जर्मनीने त्यावर हरकत नोंदवली आणि या दोन देशांत तो करार लागू झाला नाही. त्यामुळे नेदरलँड्सला येताना विवाह प्रमाणपत्राच्या मागे चिकटवून घेतलेल्या त्या चौकोनी स्टिकरला जर्मन कार्यालयात कायद्याने वजन नाही. जर्मन अधिकाऱ्याला भारतीय कागदाबद्दल शंका आली तर तो भारतातल्या जर्मन वकिलातीमार्फत पडताळणी मागवतो. वकिलात तिथल्या वकिलाकडून कागद मूळ नोंदीशी ताडून घेते, खर्च अर्जदाराचा, आणि त्यात काही महिने जातात. ही पडताळणी जर्मन कार्यालयाने मागितल्यावरच होते, आपण आधी करून ठेवू शकत नाही. म्हणून अपोस्टिलसाठी एजंटला पैसे देऊन धावाधाव करू नका. आधी केलेली अपोस्टिलची प्रत असेल तर मात्र जपून ठेवा. ती मूळ कागदच आहे, आणि स्टिकरमुळे काही बिघडत नाही.

पुण्यात करायचं काम वेगळं आहे: नावं जुळवणं. महाराष्ट्रातलं विवाह प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ‘ई’, समोर ठेवा. त्यावर पत्नीचं माहेरचं नाव असतं. तिच्या पदवीवरही तेच. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि शेवटच्या पानावर पतीचं नाव. जर्मन कारकुनाला ही एकच व्यक्ती आहे हे या तीन कागदांच्या साखळीतूनच कळतं. त्यामुळे प्रमाणपत्रावर तुमचं नाव पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणे आहे ना, लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगवेगळ्या रकान्यात स्पष्ट आहेत ना, हे बघा. चूक असेल तर ज्या महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद झाली तिथूनच दुरुस्त प्रत घ्या. वकिलाचं प्रतिज्ञापत्र जोडून भागवण्याचा सल्ला बरेच जण देतात. जर्मन कार्यालयात त्याला फारशी किंमत मिळत नाही, मूळ नोंद सुधारणंच बरं. ताज्या सही-शिक्क्याच्या दोन मूळ प्रती आणा आणि कोणतीही प्रत लॅमिनेट करू नका. तुमच्या आणि पत्नीच्या जन्मदाखल्याच्याही प्रती घ्या. जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो, तो भरून घेतल्याशिवाय त्या दाखल्याचा उपयोग नाही.

भाषांतर भारतात करून आणू नका. जर्मन न्यायालयात शपथबद्ध असलेल्या भाषांतरकाराचं भाषांतर सगळीकडे बिनबोभाट चालतं, आणि त्यांची अधिकृत यादी जर्मन न्याय विभागाच्या संकेतस्थळावर आहे. इंग्रजी कागद काही कार्यालयं तसेच घेतात, काही घेत नाहीत. हे शहरावर आणि बऱ्याचदा टेबलावर अवलंबून असतं. विवाह प्रमाणपत्राचं तरी जर्मन भाषांतर करून घ्याच, ते कर, विमा आणि मुलांचा भत्ता अशा तिन्ही ठिकाणी लागतं.

मुलीच्या कागदांची गोष्ट उलट, आणि सोपी. तिचा जन्मदाखला डच आहे. युरोपीय संघाच्या २०१६ च्या एका नियमानुसार, जो फेब्रुवारी २०१९ पासून लागू आहे, एका सदस्य देशाचा जन्म, विवाह किंवा निवासाचा दाखला दुसऱ्या सदस्य देशात अपोस्टिलशिवाय मान्य होतो. आइंडहोवनच्या खेमेंटेकडून दाखल्याची आंतरराष्ट्रीय, बहुभाषिक प्रत मागा. जर्मन मजकूर त्यावरच असतो, भाषांतराचा खर्च वाचतो. फक्त एक जागा तपासा. डच दाखल्यावर नाव ‘ईरा’ आणि आडनाव वेगळं, पण भारतीय पासपोर्टवर नावाच्या रकान्यात ‘ईरा सचिन’, असं आपल्या पद्धतीने वडिलांचं नाव घुसलेलं असतं. तसं असेल तर प्रत्येक कार्यालयात दोन्ही कागद एकत्र दाखवा, आणि जर्मनीत नोंद करताना पासपोर्टप्रमाणेच करायला सांगा. एका ठिकाणी दाखल्याप्रमाणे आणि दुसरीकडे पासपोर्टप्रमाणे नोंद झाली की विमा आणि भत्ता दोन वेगळ्या मुलींच्या नावे जातात.

मुलीचं लसीकरण नक्की तपासा. जर्मनीत १ मार्च २०२० पासून बालवाडी आणि शाळेत गोवराच्या लशीचा पुरावा सक्तीचा आहे, आणि दोन वर्षांपुढच्या मुलांना दोन डोस लागतात. नेदरलँड्समध्ये मात्र २०२४ पर्यंत दुसरा डोस नवव्या वर्षी दिला जायचा. त्यामुळे तिकडे वाढलेल्या चार वर्षांच्या मुलीचा एकच डोस झालेला असण्याची दाट शक्यता आहे. बाल आरोग्य केंद्रात जाऊन नोंद बघा, गरज असेल तर दुसरा डोस तिथेच घ्या आणि तारीख-शिक्क्यासह पुस्तिकेत लिहून घ्या. म्युनिकमध्ये बालवाडीची जागा मिळणं आधीच अवघड असतं. मिळालेली जागा या एका शिक्क्यावाचून अडकायला नको.

इथवर व्हिसा हातात आला असं धरू. आता डच बाजू बंद करायची. खेमेंटेतून नाव काढण्याची सूचना निघण्याच्या पाच दिवस आधीपासून निघण्याच्या दिवसापर्यंत देता येते, त्याआधी नाही. नाव काढल्याचा दाखला त्याच वेळी मागा. जर्मनीत बसून मागवणं त्रासाचं जातं. बालसंगोपनाचा आणि विम्याचा सरकारी भत्ता मिळत असेल तर तो स्वतः थांबवा. नाहीतर पुढच्या वर्षी वसुलीचं पत्र येतं. बालभत्ता बंद झाल्याचं लेखी पत्र घ्या. जर्मनीत मुलांच्या भत्त्यासाठी, जो २०२५ साली महिना २५५ युरो होता, ते मागतात. तिथे मागच्या फक्त सहा महिन्यांची रक्कम मिळते, म्हणून त्या अर्जालाही उशीर करू नका. डिजिडी, म्हणजे डच सरकारी सेवांचं ऑनलाइन ओळख-खातं, बंद करू नका, अ‍ॅप फोनवर सुरू करून ठेवा. स्थलांतराच्या वर्षाचं डच विवरणपत्र वेगळं, ‘एम’ फॉर्म, असतं आणि परतावा यायचा असेल तर डच बँक खातंही तोवर चालू हवं.

निवास कार्ड डच स्थलांतर खात्याला परत करावं लागतं. परत करण्याआधी आतापर्यंतच्या सगळ्या कार्डांच्या दोन्ही बाजूंच्या रंगीत प्रती काढा आणि प्रत्येक वर्षाचं वेतन-विवरण, डच भाषेत ‘यारओपखाफ’, जपून ठेवा. कारण ब्लू कार्डाच्या २०२१ च्या युरोपीय निर्देशानुसार दीर्घकालीन रहिवासी दर्जासाठी वेगवेगळ्या देशांतली उच्चकुशल परवान्यांवरची वर्षं जोडता येतात, शेवटची दोन सलग नव्या देशात असली की झालं. तुमची साडेचार वर्षं अशी कामी येऊ शकतात, पण ती सिद्ध करायला कागद तुमच्याकडेच हवेत. बेरोजगारी विम्याच्या काळाचा ‘यू वन’ दाखलाही डच विमा संस्थेकडे मागून ठेवा. जर्मनीत पहिल्याच वर्षी नोकरी गेली तर तो लागतो.

जर्मनीतला पहिला कागद म्हणजे घरमालकाचं राहत असल्याबद्दलचं पत्र, ‘वोनुंग्सगेबर-बेश्टेटिगुंग’. भाडेकराराने ते भागत नाही. घर बघतानाच विचारा: हे पत्र मिळेल का, आणि तिघांच्या नावाने मिळेल का? तात्पुरत्या फ्लॅटवाल्यांपैकी काही जण देत नाहीत, तिथे राहायला जाऊ नका. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करायची असते. मुदतीत तारीख मिळत नसेल तर तारीख मागितल्याचा ईमेल जपून ठेवा. नोंदणीच्या फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. तो चर्च-करासाठी आहे, आपण कोणत्याही करपात्र चर्चचे सभासद नसल्याने तो रिकामा ठेवायचा. विवाह प्रमाणपत्र भाषांतरासह तिथेच दाखवा, म्हणजे करवर्ग विवाहित म्हणून लागेल. त्यानंतर करक्रमांक टपालाने येतो, आणि इथे एक अगदी साधी गोष्ट आड येते: टपालपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. तिघांची आडनावं वेगळी असतील तर तिन्ही चिकटवा. करक्रमांक वेळेत मिळाला नाही तर कंपनीला सहाव्या वर्गाने, म्हणजे सगळ्यात जड, कर कापावा लागतो.

घर मिळवण्यासाठी जर्मन पतअहवाल तुमच्याकडे नसणार. त्याच्या बदल्यात डच घरमालकाकडून भाडं थकलेलं नसल्याचं पत्र, शेवटच्या तीन पगारपावत्या आणि नवा करार, अशी एक पीडीएफ तयार ठेवा. अनामत रक्कम मूळ भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे.

मग ब्लू कार्डाचा अर्ज. म्युनिकमध्ये तारखा लांबच्या मिळतात, म्हणून नोंदणी झाली की लगेच ऑनलाइन अर्ज करा, व्हिसा संपायच्या आधी. फोटो कागदावर काढून नेऊ नका. १ मे २०२५ पासून निवास कार्डासाठी डिजिटल फोटोच घेतात. व्हिसाच्या मुदतीत भारतात जाऊन येता येतं. कार्ड येण्याआधी व्हिसा संपला तर तात्पुरता घडीचा कागद, ‘फिक्त्सिओन्स-बेशायनिगुंग’, मिळतो. त्याच्या आतल्या पानावर तीन चौकटी असतात. खूण तिसऱ्या चौकटीत, जर्मन निवास कायद्याच्या कलम ८१ च्या चौथ्या पोटकलमापुढे असेल, तर त्या कागदावर बाहेर जाऊन परत येता येतं. पहिल्या चौकटीत असेल तर त्या कागदाच्या जोरावर परत प्रवेश मिळत नाही. व्हिसावरून आलेल्यांना तिसरी मिळायला हवी. खिडकीवरून उठण्याआधी खूण बघा आणि चुकीची असेल तर तिथेच सांगा. ब्लू कार्डाच्या थेट वाटेने, व्हिसाशिवाय आलेल्यांना मात्र साधारणपणे पहिली चौकट मिळते, आणि डच कार्ड परत केलेलं असलं की भारताची सहल धोक्याची होते. त्यांनी कार्ड हातात येईपर्यंत तिकीट काढू नये.

शेवटचा विषय गाडी चालवण्याच्या परवान्याचा, कारण यात फसगत हमखास होते. नेदरलँड्समध्ये ३० टक्के करसवलत असणाऱ्यांना भारतीय परवाना परीक्षेशिवाय डच परवान्यात बदलून मिळतो. तुम्ही तसा घेतला असेल तर कार्डाच्या मागे ‘७०’ हा संकेतांक आणि भारताची खूण दिसेल. परीक्षेशिवाय बदललेला असा परवाना दुसऱ्या सदस्य देशाने मानलाच पाहिजे असं युरोपीय कायदा सांगत नाही, आणि ज्या देशांशी जर्मनीचा अदलाबदलीचा नियम नाही, त्यांच्या परवान्यांवरून असे मिळालेले परवाने जर्मनी मानत नाही. भारत त्यातच येतो. म्हणजे दिसायला युरोपीय परवाना, पण जर्मनीत तिथले रहिवासी झाल्यावर त्यावर गाडी चालवणं म्हणजे विनापरवाना चालवणं, आणि ते फौजदारी प्रकरण आहे. डच लेखी-प्रात्यक्षिक परीक्षा देऊन परवाना मिळवला असेल तर काळजी नाही. नसेल तर जर्मनीत लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही परीक्षा द्याव्या लागतील. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, प्रथमोपचाराचा वर्ग आणि डोळ्यांची तपासणी आधी लागते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव पोचल्याबरोबर घाला, आणि मुलीची बालवाडी व ऑफिस गाडीविना गाठता येईल असंच घर बघा.